उठलेला नाका

सर कुठल्याही दारातून सरळ आत येत नसत. उंबऱ्याशी थांबायचे, हातातली कापडी पिशवी खाली ठेवायचे, तिचं तोंड उघडायचे आणि समोर बघत उभे राहायचे. समोर कुणी नसायचं. थोड्या वेळाने "मेहेरबानी" असं पुटपुटून पिशवी उचलायचे आणि आत यायचे. बँक, दवाखाना, लग्नाचा मांडव, कुठेही हेच. वरून पाऊस पडत असला तरी हेच.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. तासाला यायला त्यांना कधी उशीर होत नसे, पण तास सुरू व्हायला व्हायचा, कारण सर दारात उभे. उशिरा येणाऱ्या मुलाला मात्र ते आतून विचारायचे, "थांब. माल काय आणला?" मुलाने आज काय शिकायचं आहे ते सांगितलं की आत सोडायचे. सांगता नाही आलं तर बाहेरच. यावरून मुलांनी त्यांचं नाव नाकेदार ठेवलं होतं.

मी अकरावीत होते आणि पहिल्या बाकावर बसायचे. एकदा विचारलंच.

"सर, दारात तुम्ही कुणाची वाट बघता?"

"वाट न्हाई बघत, बेटा. परवानगी मागून राहिलो."

"कुणाची?"

"जो उभा असंल त्याची."

वर्ग हसला. सरही हसले. पण हसताना त्यांची नजर दारावरून हलली नाही, आणि मग मागचे बाक आधी गप्प झाले. मागचे बाक दाराजवळ होते.

व्यापाराचा धडा आला की ते फळ्यावर एक चौकोन काढायचे आणि एका बाजूला थोडी जागा मोकळी सोडायचे. ही भिंत, हे दार. त्या एवढ्या चित्रावर त्यांचा सगळा विषय चालायचा. युरोपातले देश एकत्र येऊन एक बाजार करत आहेत, असं पुस्तकात होतं. सर पुस्तक मिटवून म्हणायचे, "हे मी चड्डीत होतो तवा बघितलंय. ऐका."

मग नाका यायचा. सरांचं गाव हदगावच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठावर. नदीच्या त्या अंगाला वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कारभार. या अंगाला निजामाचं राज्य. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि सरांचे वडील त्या खात्यात जवान होते. रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी एक खोली. गाडी बांबूपाशी थांबायची, वडील पोत्याचं तोंड उघडून माल बघायचे, आतले साहेब जकात घ्यायचे आणि बांबू वर व्हायचा.

पुढे संस्थान भारतात सामील झालं. त्या साली काय झालं ते सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "तवा आम्ही काही महिने मामूकडं होतो," एवढंच म्हणायचे आणि खडू शोधायला लागायचे. खडू हातातच असायचा. काही वर्षांनी नाकाही उठला. हा भाग ते सविस्तर सांगत.

"पेढे वाटले आम्ही. मी सोता वाटले. कापसाला नदीपलीकडचा भाव लागला, शेतकरी लई खूष. आन् आमच्या गल्लीत मोमिनांचे माग होते. पलीकडचं गिरणीचं कापड जकातीपायी महाग पडायचं, म्हणून ह्यांचं खपायचं. बांबू एका सकाळी काढला. मग एकेक माग बंद पडला. हळूहळू काढला असता तर ते लोक दुसरं काही शिकले असते. पेढेबी खरे, मागबी खरे. पेपरात एकच लिहिलं तर अर्धेच मार्क देईन."

"मग सामील व्हायचं की न्हाई, सर?" एकाने विचारलं.

"व्हावंच लागतं. एकटं किती दिवस बसशील? पण दारात उभं राहून इचार कर. काय घेऊन येऊन राहिलो, काय देऊन राहिलो."

पैसाही बदलला होता. निजामाचा हाली रुपया जाऊन सगळीकडे चालणारा रुपया आला. सरांच्या आईला तो कधी पटला नाही. बाजारात ती शेवटपर्यंत हालीतच भाव करायची. दुकानदार म्हणायचा, "अम्मा, तो पैसा गेला." ती म्हणायची, "कुठं गेला? पत्ता दे, मी जाऊन आणते."

यावर आम्ही पोट धरून हसायचो. मग सर बैलांचं सांगायचे, आणि हसणं थांबायचं.

"बांबू न्हाई, खोली न्हाई, तरी बैल तिथं आले की थांबायचे. सवयीचे बैल, थांबणारच. गाडीवान शिव्या द्यायचे. ते बैल म्हातारे झाले, गेले. नंतर दुसरे आले, नाका उठल्यावर जन्मलेले." सर खडू खाली ठेवायचे. "तेबी थांबायचे."

मी व्यवहारी बाई आहे. मला याद्या करायची सवय आहे, आणि यादीत न बसणाऱ्या गोष्टी मी सहसा बाजूला ठेवते. बैलांची गोष्ट मी अशीच बाजूला ठेवली होती. भूकंपानंतर ती परत काढावी लागली.

किल्लारीच्या बाजूची गावं पडली. लातूर शहर उभं होतं, पण कुणी घरात जायला तयार नव्हतं. आमची सगळी गल्ली रस्त्यावर राहायला आली. दिवसासुद्धा बायका स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणायला धजावत नसत. उंबऱ्यापर्यंत जायच्या, वर बघायच्या आणि परत यायच्या. त्या दिवसांत सगळं शहर दारादारात थांबत होतं, आणि सर पहिल्यांदाच चारचौघांसारखे दिसत होते.

ते आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचे. बायका त्यांना म्हणायच्या, "सर, एवढा डबा काढून द्या हो." सर त्या घराच्या दारात पिशवी ठेवायचे, तोंड उघडायचे, उभे राहायचे. मेहेरबानी म्हणून आत जायचे आणि डबा घेऊन यायचे. कुणाचं पीठ, कुणाची औषधं, कुणाच्या मुलीची पुस्तकं. घरामागून घर त्यांनी असं केलं.

कोपऱ्यावरच्या घराशी मात्र ते फार वेळ उभे राहिले. बाहेर त्या घरची सून ताटकळली होती.

"काय झालं, सर?"

सरांनी पिशवी उचलली. "आज न्हाई."

"अवो, चुलीपाशीच हाय डबा."

"माझ्यातलं पीठ घे, बेटा. आज आत सोडून न्हाई राहिले."

त्या दुपारी जमीन पुन्हा हलली आणि त्या घराची मागची भिंत स्वयंपाकघरात पडली. आत कुणी नव्हतं.

भिंतीला आधीच तडा होता. तो मी स्वतः पाहिला होता, सरांनीही पाहिला असेल. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पण सर आत गेलेच नव्हते, आणि तडा आतल्या बाजूने जास्त दिसत होता, हे मी सांगितलं नाही.

मी क्लास सुरू केला तो त्याच सुमारास. स्लॅबखाली बसायला मुलं तयार नव्हती, म्हणून अंगणात पत्र्याची शेड घातली. पालक आधी मान वर करून छप्पर बघायचे, पत्रा दिसला की निश्चिंत व्हायचे, मग कोण शिकवतं ते विचारायचे. मी हिशेबशास्त्र शिकवायचे. सर निवृत्त झाल्यावर अर्थशास्त्राला आले.

मग बघता बघता लातूर क्लासेसचं गाव झालं. आसपासच्या जिल्ह्यांतून मुलं येऊ लागली, गल्लीगल्लीत मेस, खोल्या, पाट्या. आणि बाहेरच्या मोठ्या शहरांतले क्लासही इकडे शाखा काढू लागले. त्यांच्यापुढे आमच्यासारख्यांचा निभाव लागणार नव्हता. उदगीरच्या अप्पांनी तेव्हा संघ काढायचं ठरवलं. अप्पा मूळचे किराण्याचे व्यापारी, कपाळाला भस्म, बोलणं गोड. मुलगा शिकवायला लागला म्हणून क्लासच्या धंद्यात आलेले. लातूर, नांदेड, उदगीर, भोकर, अहमदपूर, हदगाव आणि नदीपलीकडे उमरखेड, इथल्या क्लासेसनी एक व्हायचं. एक नाव, एक परीक्षा, एकच नोट्स, आणि एका शाखेतलं मूल हवं तेव्हा दुसऱ्या शाखेत जाऊ शकेल अशी सोय. बैठक उमरखेडला ठरली.

अहमदपूरचा क्लास बालाजीचा होता. बालाजी माझा विद्यार्थी. बसस्टँडमागे दोन खोल्या घेऊन मोठ्या जिद्दीने शिकवायचा. त्याला टायफॉइड झाला होता, येता येणार नव्हतं. फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कराल ते. तुमची सही तीच माझी सही." मी बरं म्हटलं.

सरांना मी सोबत घेतलं, कारण वाटेवर त्यांचं गाव होतं. जीप भाड्याची होती. ड्रायव्हर नामदेव लातूरचा, त्या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला. हदगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मी सरांना संघाचे फायदे सांगत होते, ते खिडकीबाहेर बघत होते. नदी जवळ आली. रस्ता सरळ, मोकळा, समोर ना गाडी ना जनावर. आणि जीप थांबली.

"काय झालं, नामदेव?"

"काय की, मॅडम." नामदेव स्वतःच्या पायाकडे बघत होता. "पाय आपोआप गेला ब्रेकवर."

"बिघाड आहे का?"

"न्हाई, इंजिन चालूच हाय की. म्याच थांबवली. पर कशाला थांबवली?"

सर शांतपणे दार उघडून खाली उतरले. रस्त्याच्या कडेला बाभळीजवळ जुन्या दगडी जोत्याचा एक कोपरा जमिनीबाहेर दिसत होता. सरांनी पिशवी रस्त्यावर ठेवली, तोंड उघडलं आणि उभे राहिले. वारा नव्हता, तरी पिशवीचं तोंड हललं, कुणी बोटाने बाजूला करावं तसं. हे मी पाहिलं. नामदेवनेही पाहिलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "मॅडम, काच वर घेऊ का?"

"मेहेरबानी," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ये, बेटा. खाली उतर."

मी उतरले. पायाखालचा रस्ता गार लागला. उन्हाची वेळ होती.

"माल काय हाय तुझा?"

मी फायदे सांगितले. छपाई स्वस्त पडेल, चांगले शिक्षक मिळतील, बाहेरच्या क्लासेसना तोंड देता येईल.

"हे येताना आणशील ते झालं. नेऊन काय राहिलीस?"

"काही नाही, सर. बैठकीला चाललोय फक्त."

सर माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. आम्ही तिघंच होतो तिथे, तरी माझ्या मागे कुणीतरी वाट अडवून उभं आहे असं मला वाटलं, आणि वळून बघायचं धाडस झालं नाही. मी पर्स उघडी करून पुढे धरली. का धरली, ते आजही सांगता येणार नाही. धरली, आणि मला कळलं की मी काय घेऊन चालले होते.

"बालाजीचा क्लास," मी म्हणाले.

अहमदपूरहून लातूरला बसने किती वेळ लागतो? नाव एक, परीक्षा एक, फी एक, आणि हवं तेव्हा शाखा बदलायची सोय. मग अहमदपूरचं कुठलं मूल बालाजीच्या दोन खोल्यांत थांबणार होतं? त्याच्याच सहीने मी त्याचा बांबू एका सकाळी काढायला निघाले होते.

"हां," सर म्हणाले. "आता जा."

बैठकीत सर आले नाहीत, बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. मी माझी अट मांडली. अकरावीचं मूल आपल्या गावच्याच शाखेत शिकेल, लातूर-नांदेडने त्याला घ्यायचं नाही. बारावीला ज्याला जायचं त्याने जावं. पुढे शाखा उभ्या राहिल्या की हेही काढून टाकू.

अप्पा हसले. "ताई, आपुन नाके उठवायला जमलोय का बसवायला?"

"उठवायलाच, अप्पा. पण एका सकाळी नको."

"लेकरं ऐकतील व्हय? त्यांना लातूरच पाहिजे."

"मग माझी सही नाही. बालाजीचीही नाही."

बरीच वादावादी झाली. नांदेडवाले चिडले. भोकर आणि हदगावचे मात्र माझ्या बाजूला आले, कारण त्यांच्याही खोल्या दोनच होत्या. शेवटी अप्पांनी मान्य केलं. परतीच्या वाटेवर त्यांची गाडी आमच्या मागे होती. पूल ओलांडून बाभळीपाशी आलो आणि नामदेवचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. मागे अप्पांची गाडीही थांबली. मला वाटलं, आम्ही थांबलो म्हणून ते थांबले असतील. दुसऱ्या दिवशी अप्पांनी फोनवर विचारलं, "ताई, काल तुमची गाडी कशापायी थांबली वो?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच विषय बदलला.

बालाजीचा क्लास टिकला. ज्या मुलींना घरचे लातूरला पाठवत नाहीत त्या अहमदपूरला शिकतात, दवाखान्यांत आणि बँकांत लागतात. कालांतराने ती अट काढली, तोवर त्याचं नाव झालं होतं.

सर अखेरच्या दिवसांत गावी गेले. तिथेच वारले. मी हदगावपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने पोचले तेव्हा जनाजा निघाला होता. कब्रस्तान नदीच्या बाजूला आहे. मी बायकांबरोबर रस्त्याकडेला उभी राहिले. खांदेकरी भरभर चालले होते, तशी रीतच आहे. बाभळीपाशी आले आणि सगळे एकदम थांबले. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. त्यांतली निम्मी पोरं शहरात वाढलेली, नाका म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसणार. थोडा वेळ सगळं तसंच उभं राहिलं. मग चाल सुरू झाली. मेहेरबानी हा शब्द मी ऐकला, पण तो माझ्या शेजारची म्हातारीही म्हणाली असेल.

आता संघाची इमारत लातूरला आहे. काचेची, माणूस जवळ आलं की दार आपोआप उघडतं. वॉचमनची तक्रार असते, "मॅडम, दार चांगलं हाय, पर पोरं पटकन आत येतच न्हाईत. उगं थांबतेत." मी त्याला सांगितलं, मोबाइल बघत असतील.

गेल्या आठवड्यात तिथे बैठक होती. बाहेरच्या राज्यातली एक मोठी कंपनी आमचा संघ आपल्यात घ्यायला तयार आहे. देशभर एकच नाव, शिकवणं पडद्यावर. लहान शाखा त्यांना नकोत. लातूर, नांदेड आणि उदगीर ठेवणार. अहमदपूर, भोकर, हदगाव, उमरखेड बंद. नाही म्हटलं तर ते समोरच्याच जागेत स्वतःचं दुकान उघडणार. सही करायची होती अप्पांनी आणि मी. दोघांच्या सह्या असल्याशिवाय होत नाही. फायद्यांची यादी माझ्या पर्समध्ये तयार होती, आणि ती लांब होती.

दार उघडलं. गार हवा अंगावर आली. मी उंबऱ्याशी थांबले, तिथे उंबरा नाही तरी. पर्स खाली ठेवली. उघडली. समोर स्वागताची रिकामी खुर्ची, झाडाची कुंडी, लिफ्ट. दार मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी उभी राहिले. आत जा, असं काही येईना.

मी पर्स उचलली, मागे सरले आणि अप्पांना फोन लावला. ते आधीच वर पोचले असतील असं मला वाटलं होतं.

"अप्पा, मी आत येत नाही."

"का वो, ताई?"

"नाक्यावर अडवलं."

ते हसतील म्हणून मी थांबले. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, माझ्या मागून येत होता तोच.

"मागं बघा," अप्पा म्हणाले.

रस्त्यापलीकडे, स्वतःच्या गाडीचं दार धरून, अप्पा उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. ड्रायव्हर बाजूला गोंधळून बघत होता. अप्पांची पिशवी त्यांच्या पायाशी रस्त्यावर होती, आणि तिचं तोंड उघडं होतं.